घरचा संगणक : बूट ड्राइव्हची निवड

प्रस्तावना

तयार संगणक विकत आणणे ही एक गोष्ट आणि सुटे भाग स्वतः निवडून संगणक जोडून घेणे ही दुसरी गोष्ट. तयार संगणकात कोणता भाग घालायचा हे उत्पादकाने आधीच ठरवलेले असते. असेंबल केलेल्या संगणकात मात्र प्रत्येक निर्णय आपला असतो आणि त्याचे बरेवाईट परिणामही आपल्यालाच भोगावे लागतात. दिल्लीतील नेहरू प्लेस, मुंबईतील लॅमिंग्टन रोड, बंगळूरमधील एस. पी. रोड, चेन्नईतील रिची स्ट्रीट अशा बाजारांत गेलात, तर एकाच कामाची दहा-वीस खोकी समोर मांडली जातात. प्रत्येक खोक्यावर मोठमोठे आकडे छापलेले असतात. त्यांतील कोणता आकडा आपल्या कामाचा, हे ओळखणे हीच खरी कसोटी होय.

प्रस्तुत पाठात आपण संगणकाच्या एकाच भागाचा, म्हणजे बूट ड्राइव्हचा, विचार करणार आहोत. हा माहितीपर पाठ आहे. तो वाचताना वस्तूची माहिती तर मिळवायचीच आहे. पण मर्यादित पैशांत शहाणपणाने निवड कशी करावी, याकडेही लक्ष द्यायचे आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला

• बूट ड्राइव्ह म्हणजे काय आणि त्याचे काम कोणते, हे सांगता येईल;
• हार्ड डिस्क, सॅटा एसएसडी व एनव्हीएमई एसएसडी यांतील फरक स्पष्ट करता येईल;
• खोक्यावरील आकड्यांचा अर्थ लावून आपल्या गरजेनुसार निवड करता येईल;
• माहितीची दुसरी प्रत ठेवण्याचे महत्त्व पटवून देता येईल;
• परभाषेतून मराठीत आलेल्या तांत्रिक शब्दांचे लिंग व वचन ओळखता येईल.

मूळ पाठ

१. एक घर, एक निर्णय

इंदूरमधील एका मराठी कुटुंबाची आपण कल्पना करू. आई घरी शिवणकाम करते. गिऱ्हाइकांची मापे, येणे-देणे, कापडाची बिले हे सर्व तिने गेल्या काही वर्षांत संगणकावर उतरवले आहे. थोरली मुलगी मुक्त विद्यालयातून बारावीची परीक्षा देते आहे. धाकटा मुलगा दहावीत आहे. घरातला जुना संगणक आता इतका मंदावला आहे, की कळ दाबून चहाचे आधण ठेवावे आणि चहा पिऊन होईपर्यंत पडद्यावर काही उघडू नये. त्यातच विंडोज १० या कार्यप्रणालीची सर्वसाधारण सुरक्षा-सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि हा जुना संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाही. म्हणून नवा संगणक जोडून घ्यायचे ठरले.

साठवलेल्या रकमेतून प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, कॅबिनेट आणि एसएमपीएस यांची निवड झाली. उरला बूट ड्राइव्ह आणि उरली थोडीच रक्कम.

"ताई, हे बघ," भाऊ म्हणाला, "एका सेकंदाला सात हजार मेगाबाइट! उरलेले सगळे पैसे यातच घालू या."

"आणि आईच्या हिशेबाच्या वह्या?" बहिणीने विचारले.

"कुठल्या वह्या? सगळं तर संगणकातच आहे."

"तेच म्हणते मी. ज्या दिवशी हा ड्राइव्ह बंद पडेल, त्या दिवशी ते सगळं कुठे असेल?"

भाऊ गप्प झाला. वेगाचा प्रश्न त्याने विचारला होता. सुरक्षिततेचा प्रश्न ताईने विचारला. चांगल्या निवडीसाठी हे दोन्ही प्रश्न विचारावे लागतात. त्यांची उत्तरे आपण क्रमाने शोधू.

२. 'बूट' होणे म्हणजे काय?

संगणकाची कळ दाबली, की मदरबोर्डवरील एका लहानशा चिपमध्ये कायम वसलेला प्रोग्रॅम प्रथम जागा होतो. पूर्वी त्याला बायॉस म्हणत. आताच्या मदरबोर्डवर त्याची जागा यूईएफआय या प्रणालीने घेतली आहे. रॅम, कळफलक, पडदा इत्यादी भाग जागेवर आहेत की नाहीत हे तो पाहतो आणि कार्यप्रणाली कोणत्या ड्राइव्हवर आहे याचा शोध घेतो. त्या ड्राइव्हवरील एक छोटा प्रोग्रॅम रॅममध्ये येतो. तो आपल्याहून मोठ्या प्रोग्रॅमला बोलावतो. आणि अशा रीतीने विंडोज किंवा लिनक्ससारखी संपूर्ण कार्यप्रणाली उभी राहते. ज्या ड्राइव्हवरून हे घडते तो बूट ड्राइव्ह.

'बूट' हा शब्द येथे मोठा गमतीदार आहे. उंच बुटाच्या मागच्या बाजूस बूट ओढून चढवण्यासाठी एक पट्टी असते. तिला इंग्रजीत 'बूटस्ट्रॅप' म्हणतात. आपल्याच बुटांच्या पट्ट्या ओढून स्वतःला वर उचलण्याची अशक्य गोष्ट इंग्रजी बोलण्यात दृष्टान्त म्हणून येते. संगणकालाही सुरू होताना असेच कोडे सोडवावे लागते : प्रोग्रॅम आणण्यासाठी प्रोग्रॅम हवा, मग पहिला प्रोग्रॅम आणायचा कोणी? मदरबोर्डवरील त्या लहानशा चिपने हे कोडे सुटते. त्यावरूनच 'बूट' हा शब्द रूढ झाला.

बूट ड्राइव्हचे काम येथेच संपत नाही. आपण कोणताही प्रोग्रॅम उघडतो तेव्हा त्याच्या फायली बहुधा याच ड्राइव्हवरून येतात. कार्यप्रणाली दिवसभर येथेच नोंदी लिहीत व वाचत असते. म्हणून संगणक चपळ वाटतो की सुस्त, हे मोठ्या प्रमाणात बूट ड्राइव्हवर अवलंबून असते.

३. चकतीपासून चिपपर्यंत

आयबीएम कंपनीने १९५६ मध्ये हार्ड डिस्क असलेला पहिला व्यापारी संगणक बाजारात आणला. त्याच्या साठवणयंत्रात २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या आणि त्यांवर सुमारे ५० लाख अक्षरे मावत. पुढे चकत्या लहान होत गेल्या. १९८० मध्ये सीगेट कंपनीने ५ मेगाबाइट क्षमतेची, सव्वापाच इंची आकारातील हार्ड डिस्क आणली. १९८३ मध्ये आयबीएमने वैयक्तिक वापराच्या पीसी-एक्सटी या संगणकात १० मेगाबाइटची डिस्क दिली. आकार आणि क्षमता बदलल्या, तरी मूळ रचना तीच राहिली : फिरणारी चकती आणि तिच्यावर मागेपुढे सरकणारा हात.

दुसरीकडे जपानमधील तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका हे अभियंते वेगळ्या वाटेने जात होते. वीज गेल्यावरही माहिती टिकवून धरणारी फ्लॅश स्मृती त्यांनी १९८० च्या दशकात शोधली. तिचा 'नँड' हा प्रकार १९८७ मध्ये जगासमोर मांडला गेला. आजच्या सॉलिड स्टेट ड्राइव्हमध्ये, म्हणजे एसएसडीमध्ये, हीच स्मृती वापरलेली असते. एसएसडीत फिरणारा किंवा सरकणारा एकही भाग नसतो. माहिती सूक्ष्म कप्प्यांतील विद्युत्भाराच्या रूपात साठवलेली असते.

पाठगत प्रश्न १

१. संगणक सुरू होताना सर्वांत आधी कोणता प्रोग्रॅम जागा होतो?
२. एसएसडी आणि हार्ड डिस्क यांच्या रचनेत मुख्य फरक कोणता?
३. ताईने कोणता प्रश्न उपस्थित केला?

४. दोन प्रकारचे वेग

खोक्यावर जो मोठा आकडा असतो तो सलग वाचनाचा वेग होय. एखादा मोठा चित्रपट एका ड्राइव्हवरून दुसऱ्यावर नेताना हा वेग उपयोगी पडतो. संगणक सुरू होताना मात्र निराळेच काम असते. हजारो लहान फायली ड्राइव्हवर ठिकठिकाणी विखुरलेल्या असतात आणि प्रत्येक जागी जाऊन थोडे थोडे वाचावे लागते. वाण्याच्या दुकानातून तांदळाचे एक पोते उचलणे वेगळे आणि शंभर बरण्यांतून चिमूट चिमूट मसाला काढणे वेगळे. बूट ड्राइव्हचे काम दुसऱ्या प्रकारचे आहे.

हे एका उदाहरणाने पडताळून पाहू. घरगुती संगणकातील अनेक हार्ड डिस्क मिनिटाला ७,२०० फेरे घेतात, म्हणजे सेकंदाला १२०. एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा हाताखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४.२ मिलिसेकंद थांबावे लागते. हात योग्य रेषेवर सरकण्यास आणखी आठ-नऊ मिलिसेकंद जातात. एकूण साडेबारा मिलिसेकंद धरले, तर डिस्क सेकंदाला साधारण ८० ठिकाणांहूनच वाचू शकते. १०,००० विखुरलेल्या जागा एकामागून एक वाचायच्या असतील, तर १२५ सेकंद, म्हणजे दोन मिनिटांहून अधिक वेळ लागेल. एसएसडीला एका वाचनास मिलिसेकंदाचा दहावा भाग किंवा त्याहूनही कमी वेळ पुरतो. तेच काम ती एका सेकंदाच्या आसपास उरकते. प्रत्यक्षात कार्यप्रणाली वाचनाचा क्रम लावून काही वेळ वाचवते. तरीही अंतर फार मोठे उरते. म्हणून नव्या संगणकात हार्ड डिस्क बूट ड्राइव्ह म्हणून वापरू नये. हा पहिला नियम.

आता एसएसडीचेही दोन मुख्य प्रकार आहेत. सॅटा एसएसडी ही हार्ड डिस्कच्याच जोडणीने मदरबोर्डला जोडली जाते. त्या जोडणीच्या मर्यादेमुळे तिचा सलग वाचनाचा वेग सेकंदाला सुमारे ५५० मेगाबाइटच्या पुढे जात नाही. एनव्हीएमई ही पद्धती २०११ मध्ये खास अशा ड्राइव्हसाठी निश्चित झाली. तीत ड्राइव्ह पीसीआय एक्सप्रेस या वेगवान मार्गाने प्रोसेसरशी बोलतो. या मार्गाच्या तिसऱ्या पिढीत सलग वाचन सेकंदाला सुमारे ३,५०० मेगाबाइट, चौथ्या पिढीत ७,००० आणि पाचव्या पिढीत १०,००० ते १४,००० मेगाबाइटपर्यंत पोचते.

हे आकडे पाहून डोळे दिपतात. परंतु एकेक करून लहान तुकडे वाचण्याच्या कामात एवढा फरक राहत नाही. सॅटा एसएसडीकडून एनव्हीएमईकडे जाताना संगणक सुरू होण्याचा वेळ काही सेकंदांनी कमी होतो. तिसऱ्या पिढीकडून पाचव्या पिढीकडे जाताना तर घरगुती कामात तो फरक जाणवणेही कठीण असते. कारण सुरू होण्याच्या वेळेत मदरबोर्डची तपासणी आणि प्रोसेसरचे काम यांचाही वाटा असतो. चित्रफितींचे संपादन करणाऱ्यास, मोठ्या फायली रोज हलवणाऱ्यास वरच्या पिढीचा लाभ होतो. हिशेब, अभ्यास, पत्रव्यवहार आणि साधे खेळ यांसाठी तिसऱ्या किंवा चौथ्या पिढीची मध्यम एसएसडी पुरेशी होते.

५. जागा जुळते का?

बहुतेक एनव्हीएमई एसएसडी एम.२ नावाच्या आकारात येतात. ही च्युइंगगमच्या पट्टीएवढी पातळ पट्टी थेट मदरबोर्डवर बसते. तिच्यावर २२८० असा आकडा असतो; त्याचा अर्थ रुंदी २२ मिलिमीटर आणि लांबी ८० मिलिमीटर. येथे एक घोटाळा नेहमी होतो. एम.२ हे केवळ आकाराचे नाव आहे, वेगाचे नव्हे. काही सॅटा एसएसडीही याच आकारात मिळतात. काही मदरबोर्डवरील एम.२ स्लॉट फक्त एनव्हीएमई स्वीकारतो, काही दोन्ही. म्हणून ड्राइव्ह घेण्यापूर्वी मदरबोर्डची माहितीपुस्तिका उघडावी आणि चार गोष्टी पाहाव्यात :

(अ) स्लॉट एनव्हीएमईचा आहे, सॅटाचा की दोन्हींचा;
(आ) तो पीसीआय एक्सप्रेसच्या कोणत्या पिढीचा आहे;
(इ) त्यात किती लांबीची पट्टी बसते;
(ई) तो वापरल्यास एखादा सॅटा पोर्ट बंद होतो का.

चौथ्या पिढीची एसएसडी तिसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये चालते. मात्र ती तिसऱ्या पिढीच्याच वेगाने धावते. अशा वेळी जास्तीचे पैसे वाया जातात. फार जुने मदरबोर्ड एनव्हीएमई ड्राइव्हवरून बूटच होत नाहीत. तेथे सॅटा एसएसडी हाच योग्य पर्याय ठरतो.

६. किती जागा हवी?

विंडोज ११ साठी किमान ६४ जीबी जागेची अट आहे. पण ती केवळ पाय ठेवण्यापुरती जागा झाली. कार्यप्रणालीच्या सुधारणा, प्रोग्रॅम आणि तात्पुरत्या फायली यांनी ड्राइव्ह हळूहळू भरत जातो. एसएसडी काठोकाठ भरली, की तिचे लिहिण्याचे कामही मंदावते. म्हणून दहा ते वीस टक्के जागा मोकळी ठेवावी. सामान्य घरासाठी ५०० जीबी हा बरा मध्य आहे. मोठे खेळ किंवा चित्रफिती असल्यास १ टीबी घ्यावी.

५०० जीबीचा ड्राइव्ह लावल्यावर विंडोजमध्ये सुमारे ४६५ जीबीच दिसते. दुकानदाराने फसवले असे समजण्याचे कारण नाही. उत्पादक एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतो. विंडोज मात्र १,०७,३७,४१,८२४ बाइटांचा एक जीबी मोजते. माल तेवढाच असतो. मापे वेगळी असतात.

पाठगत प्रश्न २

१. खोक्यावरील मोठा आकडा बूट ड्राइव्हच्या निवडीत अपुरा का ठरतो?
२. '२२८०' या आकड्याचा अर्थ सांगा.
३. एम.२ या नावाबाबत कोणता गैरसमज होतो?

७. ड्राइव्ह किती टिकतो?

एसएसडीतील प्रत्येक कप्पा ठरावीक वेळाच लिहिता व पुसता येतो. एका कप्प्यात तीन बिट साठवणाऱ्या प्रकारास टीएलसी आणि चार बिट साठवणाऱ्यास क्यूएलसी म्हणतात. चार बिटांसाठी भाराच्या सोळा पातळ्या ओळखाव्या लागतात. त्यामुळे क्यूएलसी स्वस्त असली, तरी सलग लिहिताना लवकर मंदावते आणि तुलनेने कमी लेखन सोसते. बूट ड्राइव्हसाठी शक्यतो टीएलसी निवडावी.

ड्राइव्हवर एकूण किती लेखन करता येईल याची उत्पादकाने दिलेली मर्यादा टीबीडब्ल्यू या संक्षेपाने दाखवतात. १ टीबीच्या अनेक टीएलसी ड्राइव्हवर हा आकडा ६०० टीबीच्या आसपास असतो. रोज ३० जीबी लिहिले, तर ही मर्यादा गाठण्यास २०,००० दिवस, म्हणजे सुमारे ५५ वर्षे लागतील. तेव्हा लेखनाने झिजून ड्राइव्ह संपेल ही भीती घरगुती वापरात फारशी खरी नाही.

खरी भीती वेगळीच आहे. ड्राइव्हमधील नियंत्रक चिप किंवा वीज-मंडल अचानक निकामी होऊ शकते. हार्ड डिस्क बिघडताना पुष्कळदा आवाज करते. एसएसडी मात्र काही वेळा कोणतीही पूर्वसूचना न देता एका सकाळी गप्प होते. शिवाय एसएसडीवर पुसलेली फाईल परत मिळण्याची आशा फार कमी असते. कारण पुसलेली जागा ती आतून लवकरच साफ करून टाकते. हमीपत्र असेल, तर कंपनी नवा ड्राइव्ह देईल. त्यावरील माहिती मात्र कोणतीही कंपनी परत देत नाही.

८. जोडणी करताना

संगणकाचा वीजपुरवठा बंद करून, वायर काढून, कॅबिनेटच्या धातूच्या भागाला हात लावावा; म्हणजे अंगावरील स्थिर विद्युत् निघून जाते. एसएसडी थोडी तिरपी धरून स्लॉटमध्ये सरकवावी, मग अलगद खाली दाबून लहान स्क्रूने बसवावी. स्क्रू आवळताना जोर करू नये. मदरबोर्डसोबत उष्णता शोषणारी धातूची पट्टी असल्यास तिच्या आतील बाजूचे पातळ प्लॅस्टिक आवरण काढण्यास विसरू नये.

कार्यप्रणाली बसवताना एकच ड्राइव्ह जोडलेला असावा. दुसरा ड्राइव्ह जोडलेला असेल, तर बूट होण्यासाठी लागणाऱ्या फायली काही वेळा त्याच्यावर जाऊन बसतात. पुढे कधी तो दुसरा ड्राइव्ह काढला, की नवा संगणक सुरूच होत नाही आणि दोष कोठे आहे हे उमजत नाही. कार्यप्रणाली बसल्यावर मग जुना ड्राइव्ह जोडून त्यावरील माहिती उतरवून घ्यावी. ही माहिती नव्या संगणकात नीट आली याची खात्री होईपर्यंत जुन्या ड्राइव्हवरील काहीही पुसू नये.

९. निर्णय

आता त्या इंदूरच्या घराकडे परत येऊ. भावाने मदरबोर्डची माहितीपुस्तिका वाचली, तेव्हा त्याला कळले, की त्यातील एम.२ स्लॉट तिसऱ्या पिढीचा आहे. सात हजारांचा ड्राइव्ह तेथे साडेतीन हजारांनीच धावला असता. दोघांनी मिळून ५०० जीबीची, तिसऱ्या पिढीची, टीएलसी प्रकारची एसएसडी निवडली. वाचलेल्या पैशांत यूएसबीने जोडायची १ टीबीची बाह्य हार्ड डिस्क घेतली. जी हार्ड डिस्क बूट ड्राइव्ह म्हणून नको होती, तीच प्रत ठेवण्यासाठी योग्य ठरली. कारण त्या कामात वेगापेक्षा कमी खर्चात मिळणारी जागा महत्त्वाची असते.

"जुन्या संगणकातली डिस्क आहे की! नवी कशाला?" भावाने विचारले.

"ती किती वर्षं फिरते आहे, सांग बरं? तिच्यावर तिसरी प्रत ठेवू. पण भिस्त तिच्यावर नको."

त्यांनी एक साधा रिवाज ठरवला. दर रविवारी आईचे हिशेब आणि दोघांच्या अभ्यासाच्या फायली बाह्य डिस्कवर उतरवायच्या आणि काम झाल्यावर ती डिस्क संगणकापासून वेगळी करून कपाटात ठेवायची. जुन्या डिस्कवर एक प्रत करून ती देवासला मामाकडे ठेवायची. कारण चोरी झाली, आग लागली किंवा पाणी शिरले, तर एकाच घरातील सर्व प्रती एकदमच जातात. माहितीच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतील एक दुसऱ्या ठिकाणी असा हा जाणकारांनी सांगितलेला नियम आहे.

पहिल्या रविवारी प्रत करून झाल्यावर ताईने आणखी एक गोष्ट केली. बाह्य डिस्कवरील हिशेबाची फाईल तिने उघडून आईसमोर ठेवली. आईने चष्मा लावला, मागच्या दिवाळीची नोंद शोधली आणि ती आकड्यांसह जशीच्या तशी सापडल्यावर म्हणाली, "आता झालं तुमचं काम." प्रत ठेवली एवढ्याने काम संपत नाही, ती परत उघडते, हे पाहिल्यावरच संपते.

बूट ड्राइव्ह हा बदलता येणारा भाग आहे. तो आज घ्यावा, काही वर्षांनी बदलावा. त्यावर ठेवलेले आपले श्रम मात्र बाजारात मिळत नाहीत. ड्राइव्हची निवड करताना या दोहोंमधील भेद ज्याने ओळखला, त्याची निवड सहसा चुकत नाही.

शब्दार्थ

कार्यप्रणाली – संगणकाचे सर्व काम चालवणारा मूळ प्रोग्रॅम
कळफलक – अक्षरांच्या कळा असलेली पाटी, कीबोर्ड
दृष्टान्त – उदाहरण, दाखला
आधण – उकळण्यासाठी चुलीवर ठेवलेले पाणी
विखुरलेले – इकडे तिकडे पसरलेले
डोळे दिपणे – झगमगाटाने भारावून जाणे
भिस्त – भरवसा, मदार
रिवाज – नेहमीची पद्धत

भाषाभ्यास

(अ) परभाषेतील शब्द मराठीत आला, की त्याला मराठीचे लिंग, वचन आणि प्रत्यय लागतात. प्रस्तुत पाठातील पुढील शब्द पाहा : तो ड्राइव्ह, तो मदरबोर्ड, तो स्लॉट, ती डिस्क, ती एसएसडी, ती फाईल. 'फाईल' या शब्दाचे अनेकवचन 'फायली' असे होते, कारण मराठी बोलणाऱ्याने तो शब्द आपलासा केला आहे.

(आ) 'मंद' या विशेषणापासून 'मंदावणे' हे क्रियापद तयार झाले आहे. याच रीतीने 'स्थिर'पासून 'स्थिरावणे' आणि 'उंच'पासून 'उंचावणे' ही क्रियापदे होतात. अशा धातूंना विशेषणसाधित धातू म्हणतात.

(इ) "तहान लागल्यावर विहीर खणणे" ही म्हण तुम्हांला ठाऊक आहे. माहितीची प्रत ठेवण्याच्या संदर्भात ती कशी लागू पडते, याचा विचार करा.

तुम्ही काय शिकलात?

• संगणक सुरू करणारी कार्यप्रणाली ज्या ड्राइव्हवर असते तो बूट ड्राइव्ह होय.
• बूट ड्राइव्हचे काम विखुरलेल्या लहान फायली वाचण्याचे असल्यामुळे हार्ड डिस्कपेक्षा एसएसडी फार सरस ठरते.
• घरगुती कामांसाठी सर्वांत महाग एनव्हीएमई ड्राइव्हची आवश्यकता नसते. मदरबोर्डशी जुळणारा मध्यम ड्राइव्ह पुरतो.
• ड्राइव्ह अचानक बंद पडू शकतो. म्हणून माहितीच्या प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात आणि त्या उघडतात की नाही हे पाहावे.

पाठान्त प्रश्न

१. सलग वाचन आणि विखुरलेले वाचन यांतील फरक तुमच्या परिसरातील एखादे उदाहरण देऊन स्पष्ट करा.
२. "ड्राइव्ह बदलता येतो, श्रम बदलून मिळत नाहीत." या विधानाचे पाठाच्या आधारे विवेचन करा.
३. २५० जीबीच्या एका एसएसडीची लेखनमर्यादा १५० टीबी आहे. रोज ३० जीबी लिहिल्यास ती किती दिवस पुरेल? (१ टीबी म्हणजे १,००० जीबी धरा.)
४. तुमच्या घरातील कोणती माहिती गमावली, तर ती पुन्हा मिळणार नाही? तिची यादी करा आणि तिच्या प्रती कोठे ठेवाल ते लिहा.
५. संगणक जोडून घेऊ इच्छिणाऱ्या आपल्या मावसभावाला बूट ड्राइव्हच्या निवडीविषयी सल्ला देणारे पत्र लिहा.
६. स्थिर, उंच यांप्रमाणे 'थंड' आणि 'दृढ' या विशेषणांपासून क्रियापदे तयार करून वाक्यांत उपयोग करा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

पाठगत प्रश्न १ : १. मदरबोर्डवरील चिपमध्ये वसलेला यूईएफआय हा प्रोग्रॅम (पूर्वी बायॉस). २. हार्ड डिस्कमध्ये फिरणारी चकती व सरकणारा हात असतो. एसएसडीत हलणारा एकही भाग नसतो. ३. ड्राइव्ह बंद पडला, तर आईच्या हिशेबाची माहिती कोठे असेल, हा प्रश्न.

पाठगत प्रश्न २ : १. तो आकडा सलग वाचनाचा वेग दाखवतो. बूट ड्राइव्हला विखुरलेल्या लहान फायली वाचाव्या लागतात. २. रुंदी २२ मिलिमीटर व लांबी ८० मिलिमीटर. ३. एम.२ हे वेगाचे किंवा प्रकाराचे नाव आहे, असा गैरसमज होतो. वास्तविक ते केवळ आकाराचे नाव आहे.